खळीला विटाळ नसतो

अन्याय कोणावर झाला ते आधी सांगते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हा लेख नुसता हळवा आहे. अन्याय झाला सुभद्रा परब हिच्यावर. राहणार लालबाग, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात बावीस वर्षं कामाला. केव्हा? एकोणीसशे सत्तावन्न सालच्या माघात, रथसप्तमी उलटून गेल्यावरच्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास. कुठे? परळच्या एका इस्पितळाच्या पायरीवर. अन्याय करणारी तिच्या शेजारीच उभी होती. खांद्याला पिशवी, पिशवीत पत्रकांचा गठ्ठा, पत्रकांवर 'न्याय' हा शब्द बोटाएवढ्या जाड टाइपात. ती मी. सुभद्रा माझी आई.

दोन वर्षं झाली. आज पुन्हा माघ सरत आलाय, आमचं मराठी राज्य अजून आम्हाला मिळालेलं नाही, आणि आमच्या चाळीच्या गॅलरीत पुन्हा खळ शिजते आहे. तिचा वास आला आणि हातातलं पत्रक तसंच राहिलं. ज्यांनी कधी भिंतीवर कागद चिकटवला नाही त्यांच्यासाठी सांगते: खळ म्हणजे चिकटवायची लापशी. कोणी मैद्याची करतात. आमच्या चाळीत चिंचोक्याची होते, कारण गिरणीत सुताला कांजी देतात ती पाहून आईला चिंचोक्याची ताकद ठाऊक. चिंचोके भाजायचे, कुटायचे, पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत बसायचं. आधी भाजक्या सालीचा खमंग वास येतो, मग आंबट-ओला, आणि शेवटी मोरचूद पडलं की जिभेच्या मुळाशी तांब्याची चव येते. मोरचुदाने उंदीर-झुरळं कागद खात नाहीत. ते निळे खडे आई एका वेगळ्या दगडावर फोडायची. "ह्यो दगड वाटणाक घेतलंस तर हात मोडीन," हे तिचं दर वेळचं वाक्य. त्या महिन्यात तिची नखं निळी होती. मला वाटायचं, काय ही निष्ठा!

त्या माघाचा विचार केला की मला पहिल्यांदा भिंती आठवतात. निवडणूक तोंडावर होती. लालबागपासून हिंदमात्यापर्यंत एकही भिंत मोकळी नव्हती. पहाटे आम्ही चाळीतल्या पोरी नारळाच्या सोडणाचा ब्रश घेऊन निघायचो, खळीचा डबा दोघींच्या मध्ये, आणि उजाडता उजाडता ओल्या कागदावरून ऊन घरंगळत खाली यायचं. हवेत अजून गारवा असायचा. गाड्यांवर कवठं आली होती, महाशिवरात्र जवळ आल्याची खूण. मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं ठाऊक होतं. कोणाचं काय चुकलं, केव्हा चुकलं, त्याला जबाबदार कोण, हे मी चार ओळींत लिहून देत असे.

पत्रकं गिरगावात छापली जायची. एका वाडीत, तळमजल्यावर, दाजींच्या हातून. दाजी म्हणजे छापखान्यातले शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे, पन्नाशीचे, डोळ्यांना जाड भिंग, बोटांच्या टोकांना कायमचं काळं. हाताने लिहिलेला मजकूर समोर ठेवून एकेक अक्षर उलटं लावायचे. माझं आणि त्यांचं रोज भांडण.

"बाई, तुझ्या एका पानात बारा उद्गारचिन्हं! माझा खण रिकामा झाला. आता काय उभ्या काड्या लावू?"

"लावा. राग दिसला पाहिजे."

"आणि हा प्रश्नचिन्हांचा खण बघ. धूळ खातोय. तुम्हा चळवळीवाल्यांना कधी काही विचारायचंच नसतं का गो?"

मी हसले होते. एकदा माझ्या मजकुरात धडधडीत चूक राहिली, एका सभेची जागाच चुकली. छापून आल्यावर मी त्यांच्यावर ओरडले, दादर लिहिलं ते चुकून, तुम्हाला ठाऊक होतं सभा परळला आहे, मग सुधारलं का नाही? दाजी म्हणाले, "विचारायला तू सापडली नाहीस. सांगितलंस तर बदलीन. पण न विचारता आपल्या पदरचं एक अक्षर घालणार नाही. मजकूर तुझा. मी त्यात माझं शहाणपण घातलं, तर उद्या तू माझ्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवशील?" हे वाक्य मी त्या दिवशी ऐकून सोडून दिलं.

आईकडे वळते. माझी आई सभांना यायची, घोषणा द्यायची, पण चळवळीचं काम असं तिने त्याआधी केलं नव्हतं. त्या हिवाळ्यात एकदम तिने खळ आपल्याकडे घेतली. गिरणीतून आली की गॅलरीत गोणपाट टाकायची, स्टोव्ह पेटवायची आणि ढवळत बसायची. घरात भात मी लावायचे. तो रोज करपायचा. देवाजवळचा दिवाही मीच लावायचा. "तू लाव गो, माजे हात खळीचे आसत." शेजारच्या गंगूमावशी जाता-येता टोमणा मारायच्या, "सुभद्रे, चूल सोडलंस ती सोडलंस, आता निवडणुकीक उभी रव!" आई हसायची, पळी फिरवायची.

आणि मी काय केलं? मी पत्रक काढलं. लालबागची माता घरची चूल बाजूला ठेवून लढ्याची खळ शिजवते आहे, अशा अर्थाचं. पुढे तीन उद्गारचिन्हं. दाजींनी ते मुकाट जुळवलं. चाळीत वाहवा झाली. आईला वाचता येत नाही, म्हणून मी तिला ते मोठ्याने वाचून दाखवलं. तिने मान खाली घातली. मला वाटलं, लाजली.

मग एका संध्याकाळी ती खळ उतरवायला उठली आणि मला गोणपाटावरचा डाग दिसला. मोरचुदाचा निळा नव्हे.

आईचं अंगावरचं जाणं बंद होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बंद झालं तेव्हा ती मोकळ्या मनाने म्हणाली होती, "सुटलंय." कशातून सुटली ते आमच्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. दहा बाय बाराची खोली, त्यात मोरीजवळचा कोपरा, चार दिवस त्या कोपऱ्यात वेगळं तांब्या-भांडं, आणि गॅलरीतल्या प्रत्येक दारातून कळणारं की आज सुभद्रा बाजूला बसली आहे. गिरणीत जायला विटाळ आडवा येत नाही बरं का. तिथे यंत्राला चालतं. घरच्या देवालाच चालत नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"श्रावणापासना."

"सहा महिने? आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? आज येता, उद्या जाता, परत येता. दर आठ दिवसांनी कोपऱ्यात बसू? आणि बाया विचारतीत, ह्या वयात ह्या काय?" ती पळी पुसत होती. "न सांगता चुलीक शिवाक माजा मन होयना. देवाचो दिवो लावूक होयना. म्हटला, खळ घेव. खळीक कसलो विटाळ?"

म्हणजे ही होती निष्ठा. ज्या खळीवर मी पत्रक काढलं ती खळ माझ्या आईचा लपायचा कोपरा होती. भिंतीभिंतीवरचे आमचे कागद तिच्या आजाराने चिकटले होते, आणि मी, जिला सगळं ठाऊक, रोज करपलेला भात खात होते आणि एकदाही विचारत नव्हते की आई, तू चुलीजवळ का येत नाहीस.

दुसऱ्या आठवड्यात इस्पितळ. वडील गिरणी सोडून गावी गेलेले, त्यामुळे बरोबर मीच. डॉक्टरांनी तपासलं, एक बारीक तुकडा काढून घेतला. आई पडद्यामागे लुगडं नीट करत होती तेव्हा त्यांनी मला बाहेर बोलावलं. माणूस वाईट नव्हता. हळू बोलत होता.

"घरात पुरुष माणूस कोण?"

"मी आहे," मी म्हटलं.

त्यांनी क्षणभर बघितलं आणि कागद दिला. इंग्रजीत होता. "पंधरा दिवसांनी या, सोमवारी. तोवर त्यांना काही बोलू नका. धीर सोडतील. सूज आहे म्हणून सांगा."

कागदावर लिहिलं होतं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

पायरीवर आईने विचारलं, "काय लिवलाहा?" मी कागद उघडला, तिच्यासमोर धरला, ओळीवरून बोट फिरवलं आणि वाचलं: "पिशवीला सूज आहे. औषधाने उतरेल." बोट इंग्रजी अक्षरांवरून जात होतं आणि तोंडातून माझं मराठी येत होतं. हाच तो अन्याय. डॉक्टर निदान गप्प बसायला सांगत होते. मी तर वाचून दाखवण्याचं सोंग केलं.

नंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. म्हणजे विचारा, सांगते. मी दुप्पट लिहिलं. सभेत ओरडून घसा बसवला. ट्राममध्ये समोर बसलेल्या प्रत्येक बाईचं वय मनात आईच्या वयाशी ताडून पाहिलं. तो शब्द चाळीत कोणी उच्चारत नसे. 'तो रोग' म्हणत, आणि म्हणताना आवाज खाली घेत. मला तो शब्द सगळीकडे दिसायला लागला. भिंतीवरच्या माझ्याच पोस्टरचा कोपरा उखडलेला दिसला तरी थांबून तो तळव्याने दाबून बसवायचे. आईकडे बघवत नव्हतं आणि तिच्यावरून नजरही हटत नव्हती. ती मात्र पहिले चार दिवस गप्प होती, आणि पाचव्या दिवसापासून एकदम निवांत झाली. गुणगुणायला लागली. भाताचं पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "देवाक काय वाटाचा ता वाटांदे. करपलेला खावन खावन मी तशीच मरान."

शनिवारी दुपारी गॅलरीत ती कवठ फोडत होती. गर काढून त्यात गूळ कुस्करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या कागदार काय लिवलाहा म्हणालंस?"

"सूज."

"परत सांग."

"पिशवीला सूज. औषधाने उतरेल."

"दाजी तसा नाय म्हणाले."

मी हातातली वाटी खाली ठेवली. शुक्रवारी मी सभेत अडकले होते म्हणून पत्रकांचा गठ्ठा आणायला गिरगावात तीच ट्रामने गेली होती. तो कागद तिने कमरेला खोचून नेला होता.

"दाजींकडे कशाला गेलीस? मला विचारायचंस."

"तुका इचारलंय मा पायरीर." तिने बोट चाटलं. "तुजो डोळो कागदार नाय होतो. वाचणाऱ्याचो डोळो कागदार आसता. दाजी दिवसभर उलटी अक्षरां वाचतत. उलटी वाचणारो मनीस सुलटा खोटा कित्याक वाचात?"

दाजींनी वाचलं होतं. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "वहिनी, सगळं वाचू?" ती म्हणाली, सगळं. इंग्रजी त्यांना खिळे लावण्यापुरतं येत होतं, अर्थ लागेल तेवढं. त्यांनी शब्दाशब्दावर थांबून वाचलं, तो शब्दही वाचला, आणि मग म्हणाले, "पुढे प्रश्नचिन्ह आहे."

"मी इचारलंय, प्रश्नचिन्ह म्हणजे काय? त्यांनी खणातना एक खिळो काढून माज्या हातार ठेवलो. म्हणाले, म्हणजे लिहिणाऱ्याला अजून ठाऊक नाही." आई पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "डॉक्टराक पण ठावक नाय. मगे मी आधीच कित्याक मरू? चार दिवस मी मेलंय होतंय गो. तुजा तोंड बघून. सुजेन कोणाचा तोंड असा होता काय?"

तो शब्द तिच्यापासून लपवला म्हणून मी मनात स्वतःला धीराची समजत होते. त्या शब्दाबरोबर मी प्रश्नचिन्हही गिळलं होतं. तिच्या वाट्याची आशासुद्धा मीच खाऊन बसले होते.

"तुका पत्रकात सगळा लिवूक येता," ती म्हणाली, "माका एक सांगूक येना नाय?" आणि गुळातलं कवठ माझ्या वाटीत वाढलं. आंबट, गोड, दाताखाली बिया. इतकं चविष्ट कवठ मी त्यानंतर खाल्लं नाही.

पुढचे नऊ दिवस, सांगायला विचित्र वाटेल, आमच्या घरातले शांत दिवस होते. भीती गेली नव्हती. ती आता दोघींची झाली होती, एवढंच. आई सोपे प्रश्न विचारायची. तुकडा कशात बघतात? दुर्बिणीत बघितल्यावर काय दिसतं? त्या रोगाला विजेचा शेक देतात तो चुलीसारखा भाजतो का? मला ठाऊक नसेल ते मी 'ठाऊक नाही' म्हणून सांगू लागले. तेवीस वर्षांत हे शब्द मी फारसे वापरले नव्हते. ती गिरणीत जात राहिली. संध्याकाळी खळ ढवळताना म्हणायची, आमच्या खात्यात तुटलेलो धागो न जोडता बॉबिन भरूक मिळता, कोणाक दिसणा नाय. पण पुढे मागावरच्या माणसाक भोगूचा लागता. मी ऐकून घ्यायचे. प्रश्नचिन्हाचा तो निळसर खिळा तिने देवाच्या ताटलीत ठेवला होता, हळदीकुंकवाच्या मधोमध. आता दिवाही तीच लावत होती. रक्त अधूनमधून जात होतंच. देवाने काही वाकडं केलं नाही.

ठरलेल्या सोमवारी आम्ही बाकावर बसलो. शेजारी शीव कोळीवाड्यातली हिराबाई नावाची बाई, तिचाही निकाल आलेला, हातात कागद. नवरा विडी ओढायला बाहेर गेला होता.

"मना कोन काय सांगत नाय, बाय," ती आईला म्हणाली. "मालकांना आत घेतला, मना भायेर बसवला. इचारला तर म्हनतान, अंगान गरम परलंय."

आईने माझ्याकडे बघितलं. "हिचो कागद वाच."

"आई, ते बरोबर नाही. त्यांच्या घरचं..."

"कागद कोणाच्या हातात आसा?" मग हिराबाईला विचारलं, "तुका ऐकाचा आसा काय? सगळा?" ती म्हणाली, वाच. आई मला म्हणाली, "जसो आसा तसो."

मी कागद घेतला. हिराबाईच्या कागदावर प्रश्नचिन्ह नव्हतं.

मी वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, हळू, बोट त्याच शब्दाखाली जो तोंडात होता. हिराबाईने कागद परत घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, "दादरच्या बाजारान माझी जागा हाय. खांबाजवलची. मी एक दीस नाय गेले तर दुसरी बसंल. पोरीला दाखवून ठेवाया पायजे." एवढंच. नवरा आला, त्याला कळलं, तो माझ्यावर धावला, "तुला कुनी सांगितला वाचाया?" हिराबाई म्हणाली, "मी." तो बाकावर बसला आणि त्याने डोक्याला हात लावला. मला वाटतं, त्यालाही एकट्याने वाहवत नव्हतं.

मग आईचं नाव पुकारलं. डॉक्टर मला खूण करायला लागले तेव्हा आई त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसून मोकळी झाली होती. "माका सांगा," ती म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं. कॅन्सर नव्हता. साधी वाढ होती, काढून टाकली की भागणार होतं. पुढच्या महिन्यात काढली. आज ती गॅलरीत बसून खळ ढवळते आहे, नखं निळी करून, आणि भातही तीच लावते.

लोक म्हणतात, मग झालं काय? निकाल चांगला आला, तुझं खोटं कोणाला लागलं? हाच युक्तिवाद मला चीड आणतो. अन्याय निकालात नव्हता, पायरीवर होता. निकाल वाईट आला असता तरी तो तेवढाच असता. जिचं शरीर, तिलाच तिचा कागद दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या सोयीने, कापून वाचून दाखवला जातो. आपण आपल्या राज्यासाठी भांडतो आहोत, आमचा निर्णय आम्हाला न विचारता दूर कुठे तरी झाला म्हणून. बरोबरच भांडतो आहोत. पण तसाच निर्णय आपण रोज आपल्या मोरीजवळच्या कोपऱ्यातल्या बाईला न विचारता करतो.

दादरच्या बाजारात खांबाजवळ आता हिराबाईची मुलगी बसते. हिराबाईने वर्षभर शेक घेतले, त्या वर्षात मुलीला जागा दाखवली, गिऱ्हाइकं ओळखून दिली, आणि मग गेली. मी बोंबील घ्यायला जाते तेव्हा ती मुलगी मला दोन जास्तीचे टाकते. "आये सांगून गेली," म्हणते, "या बायला."

वाचणाऱ्या, आता तुझ्याकडे. तुझ्या घरात एक बाई आहे, जी गेले काही दिवस चुलीपासून, देवापासून, तुझ्यापासून जरा लांब बसते. तिला आज विचार. विचारून गप्प राहा, तिला बोलू दे. आणि तिच्या नावाचा कागद तुझ्या खिशात असेल तर तो आत्ता बाहेर काढ, तिच्यासमोर बस, तिला विचार सगळं ऐकायचंय का, आणि ती हो म्हणाली तर आपल्या पदरचं एक अक्षर न घालता वाच. प्रश्नचिन्ह असेल तर तेही मोठ्याने वाच.